पानावरील जेवणाचे शिष्टाचार आणि उष्ट्या पानाचे पुढे काय?

जपानमध्ये एकदाच वापरावयाच्या लाकडी जेवणकाड्यांना ‘वारिबाशी’ म्हणतात. त्या भातात उभ्या खोचणे तेथे निषिद्ध मानले जाते. कारण तसा भात मृतापुढे ठेवतात. वापरून टाकावयाच्या भांड्यालाही शिष्टाचार असतो, याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे म्हैसूर परिसरातील ‘बाळे एले’, अर्थात केळीच्या पानावरील जेवण.

महाराष्ट्राप्रमाणेच येथेही पानाचा निमुळता शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे ठेवतात. त्यामुळे उजव्या हातापुढे रुंद भाग येतो. मीठ, लोणचे, कोशिंबीर हे थोडे लागणारे पदार्थ पानाच्या वरच्या भागात आणि भात मधल्या शिरेच्या खाली वाढतात. जेवणारा प्रथम पानावर पाणी शिंपडून ते निपटतो. त्यामुळे धूळ निघून जाते. जेवणानंतर पान मिटण्याची रीत मात्र सर्वत्र सारखी नाही. मंगलकार्यात अनेक घरी वरची कड आपल्याकडे दुमडतात, तर काही घरी पान मिटतच नाहीत. पाहुण्याने यजमानाचे अनुकरण करावे, हे उत्तम.

केळीप्रमाणेच पळसाची पाने हिरांनी टाचून केलेल्या पत्रावळीही दोन्ही राज्यांत परिचित आहेत. अशी उष्टी पाने गुरांना घालणे किंवा उकिरड्यात टाकणे हा या व्यवहाराचा शेवटचा टप्पा होय. अलीकडे मात्र केळीच्या पानाचे चित्र छापलेली कागदी पाने पंगतीत दिसतात. त्यांपैकी अनेकांवर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. ती कुजत नाहीत आणि अन्नाच्या वासाने गुरांनी खाल्ल्यास प्लॅस्टिक त्यांच्या पोटात साचते. 1 जुलै 2022 पासून देशात प्लॅस्टिकच्या एकल-वापर ताटांवर बंदी आहे. म्हणून पर्याय निवडताना अधिक सावध असावे.

खरेदीपूर्वी कागदी पानाची कड हळूहळू फाडून पाहावी. पारदर्शक पापुद्रा ताणला गेल्यास ते खतखड्ड्यात टाकू नये. केळी उत्पादकांनी पानांची विक्री करावयाची असल्यास त्यासाठी स्वतंत्र झाडे राखावीत. फळबागेतील हिरवी पाने सरसकट कापल्यास घड नीट पोसत नाही.