धर्मांची वाढ आणि पाळण्याचे गणित

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने जून 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातून इस्लाम सर्वाधिक वेगाने वाढत आहे, एवढीच बातमी बहुतेकांच्या लक्षात राहिली. परंतु 2010 ते 2020 या दशकात त्याखालोखाल, सुमारे 27 कोटींनी, वाढला तो कोणताही धर्म न सांगणाऱ्यांचा वर्ग, आणि या दोन वाढींची कारणे परस्परांहून अगदी भिन्न आहेत.

मुस्लिमांच्या संख्येत सुमारे 35 कोटींची भर पडली, ती मुख्यतः धर्मांतरामुळे नव्हे, तर वयोमानामुळे. त्यांचे मध्यक वय, म्हणजे ज्याच्या अलीकडे निम्मे व पलीकडे निम्मे लोक असतात ते वय, 24 आहे, तर इतरांचे 33. आणि जेथे तरुण अधिक, तेथे जन्म अधिक व मृत्यू कमी होणारच. धर्म न सांगणारे मात्र वयाने मोठे आणि कमी अपत्यांचे असल्यामुळे त्यांचा जगातील वाटा 2050 पर्यंत घटेल, असे भाकीत याच संस्थेने 2015 मध्ये केले होते. प्रत्यक्षात 2020 पर्यंत तो वाढून 24.2 टक्के झाला, कारण प्रौढपणी एक व्यक्ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते, तेव्हा त्या धर्मात वाढलेल्या सुमारे तीन व्यक्ती तो सोडतात आणि त्यांतील बहुतेक पुढे कोणताही धर्म सांगत नाहीत. ख्रिस्ती लोकसंख्या तरीही 12 कोटींनी वाढली, याचे श्रेय सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील जन्मदराला जाते.

धर्म न सांगणारे सर्वच नास्तिक असतात, असे मात्र नाही. त्यांपैकी दोन तृतीयांश चीनमध्ये राहतात, आणि तेथे धर्म न सांगणारी अनेक कुटुंबे पूर्वजांच्या समाधीपुढे उदबत्त्या लावतात.

हिंदूंचा वाटा सुमारे 15 टक्क्यांवर स्थिर राहिला, तर मोठ्या धर्मांपैकी केवळ बौद्धांची संख्या, जवळपास 1 कोटी 90 लाखांनी, घटली. पूर्व आशियात ओसरणारा हा धर्म महाराष्ट्रात मात्र स्वेच्छेने स्वीकारला गेला: 1956 च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर, म्हणजे बौद्ध धर्माच्या सामूहिक स्वीकारानंतर, भारतातील बौद्धांची संख्या 1951 च्या दोन लाखांहून कमी आकड्यावरून 1961 मध्ये 32 लाखांवर गेली. विचारपूर्वक केलेल्या निवडीचे सामर्थ्य याहून ठळकपणे क्वचितच दिसते.

अशा निवडीचे प्रसंग वगळता वाढीचा वेग पाळणाच ठरवतो, आणि तोही बहुतेक ठिकाणी मंदावत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतीय मुस्लिमांचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी अपत्ये, 1992-93 मध्ये 4.4 होता, तो 2019-21 मध्ये 2.4 वर आला, हिंदूंचा 3.3 वरून 1.9 वर उतरला. दोहोंतील अंतर निम्म्याहून कमी उरले असताना धर्मवार आकड्यांवर भीतीचे राजकारण उभे करणे हा वाचकांवरील अन्याय आहे. येत्या जनगणनेचे आकडे हाती येतील, तेव्हा प्रत्येक समाजातील किती मुली शाळेत टिकल्या आणि किती बालके जगली, हे आधी विचारले पाहिजे, कारण पुढील वाढ बऱ्याच अंशी त्यावर ठरणार आहे.