ऑलिव्हचे तेल आणि आपली करडई

पुण्या-मुंबईस नोकरीला असलेला मुलगा सणाला गावी येतो, तेव्हा पिशवीतून एक हिरवी बाटली काढतो. "आबा, हे तेल काळजाला चांगलं असतं, हेच खात जा," असे बजावतो. किंमत ऐकून आबा ती बाटली देवळीत ठेवून देतात आणि ती तिथेच राहते. हे तेल ऑलिव्हचे, म्हणजे जैतुनाचे. ते खरोखरच गुणकारी आहे काय? आणि असेल, तर धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाने काय करावे?

ज्या मुलुखात हे तेल पिकते, त्याच्याशी आपली ओळख जुनी आहे. आपले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वृत्तान्तात तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. तिथून माल रोमन साम्राज्यात जाई. तेरच्या संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही पाहायला मिळतात.

आता तेलाच्या गुणाकडे वळू. कोणतेही तेल निरनिराळ्या स्निग्धाम्लांचे बनलेले असते. ऑलिव्हच्या तेलात ओलेइक नावाचे आम्ल सर्वांत जास्त असते. तूप, डालडा, पामतेल यांच्या जागी असे तेल वापरले, तर रक्तातला वाईट कोलेस्टेरॉल उतरतो. शिवाय फळ नुसते दाबून काढलेल्या तेलात काही संरक्षक द्रव्ये टिकून राहतात. शुद्धीकरणाच्या कारखान्यात ती बरीचशी निघून जातात. स्पेनमध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे 7,400 माणसांचा काही वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2013 साली आणि दुरुस्त होऊन 2018 साली प्रसिद्ध झाले. भाज्या, फळे, कडधान्ये, मासे यांच्या आहाराबरोबर ज्यांना हे तेल दिले, त्यांच्यात झटका व पक्षाघात यांचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी कमी आढळले. पण ध्यानात घ्या, तिथे सारे ताटच बदलले होते. नुसत्या बाटलीचा तो पराक्रम नव्हे.

मग आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे करडई आहे. हस्ताच्या पावसाची ओल धरून पेरायची, सोटमुळाने खोलवरचे पाणी ओढणारी, काटेरी म्हणून ज्वारीच्या कडेने कुंपणासारखी लावायची, ही आपली रब्बीची गळिताची पिके. कोवळ्या पानांची भाजी होते, बियांचे तेल होते, पेंड गुरांना जाते. पहाटे दवाने काटे मऊ पडले की काढणीला जायचे, हे जुन्या माणसांना सांगायला नको. पुढे सोयाबीन आले, हाती रोख पैसा आला. काढणीला मजूर मिळेनात आणि करडईचे पाटे शिवारातून कमी झाले. आता सोयाबीन विकायचे आणि तेलाचा पुडा विकत आणायचा, असा क्रम झाला आहे.

करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल फार, सुमारे 70 ते 75 टक्के. हे आम्ल शरीराला आवश्यक असून शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. तेही वाईट कोलेस्टेरॉल उतरवते. म्हणून काय फक्त करडईच खावी? नाही. ऑस्ट्रेलियात 1966 ते 1973 या काळात हृदयविकार झालेल्या 458 पुरुषांवर एक प्रयोग झाला होता. त्याची आकडेवारी 2013 साली पुन्हा तपासली, तेव्हा करडईचे तेल भरपूर दिलेल्या गटात मृत्यू जास्त झाल्याचे दिसले. एकाच तेलाचा अतिरेक नको, एवढा धडा त्यातून घ्यावा. आपल्या शेंगदाण्याच्या तेलात ऑलिव्हचे ते ओलेइक आम्ल निम्म्याच्या आसपास असते. तेव्हा एक महिना करडई, एक महिना शेंगदाणा, मधूनमधून तीळ, असा पालट ठेवावा. ओलेइक आम्ल अधिक असलेल्या करडईचे वाणही हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने तयार केले आहेत. ज्यांना पेरा करायचा आहे, त्यांनी कृषी सहायकाकडे चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट. करडईचे तेल वारंवार तापवले की लवकर बिघडते. जत्रेतल्या भज्यांच्या कढईतले काळे पडलेले तेल कोणतेही असो, ते अपायच करते. घरी तळणाचे उरलेले तेल पुन:पुन्हा तापवू नये. घाण्याचे तेल थोडथोडे आणावे आणि झाकून, उन्हापासून दूर ठेवावे.

शिक्षक बंधूंना एक विनंती. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनात 2,000 उष्मांकांच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरले आहे. पाच माणसांच्या घराला याचे महिन्याचे चार किलो आणि वर थोडे, म्हणजे साडेचार लिटरच्या आत होते. मुलांना सांगा, घरच्या तेलाच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहा, संपल्याची लिहा आणि वर्गात हिशेब करा. पुष्कळ घरी उत्तर या आकड्याच्या पुढे जाईल. त्या दिवशी गणित आणि आरोग्य, दोन्ही धडे एकदम होतील.

शेवटी एवढेच, की कोणतेही तेल औषध नव्हे. रक्तदाबाची गोळी बंद करून चमचाभर तेल पिणे धोक्याचे आहे, आणि तंबाखू चालू ठेवून तेल बदलण्यातही काही हशील नाही. मुलाने प्रेमाने आणलेली बाटली वाया घालवू नका; कोशिंबिरीवर, चटणीवर घालून संपवा. पुढची मात्र विकत घ्यायची गरज नाही. ज्वारीची भाकरी, कडधान्याची उसळ, करडईची भाजी आणि मोजके, ताजे तेल हे ताट तुमच्या घरात पूर्वीपासून आहे. तेवढे सांभाळा.