फुकट डेटाबेसची वीस वर्षं

भंडारा, तुमसर, साकोलीच्या कॉलेजांत, पतसंस्थांत आणि राइस मिलच्या ऑफिसांत कॉम्प्युटर आले, तेव्हा डेटाबेस म्हणजे बहुतेक ठिकाणी फॉक्सप्रोच्या नाही तर अ‍ॅक्सेसच्या फायली. नोंद चालू असताना लाइट गेली की अ‍ॅक्सेसची फाइल कधीकधी पुन्हा उघडायचीच नाही, आणि भारनियमनाच्या त्या काळात लाइट तर रोजची जायची. सर्व्हरवर चालणारा डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहून ठेवतो, म्हणून वीज आल्यावर तो आपला आपण सावरतो. असा डेटाबेस छोट्या संस्थांच्या आवाक्यात आला, तो फुकट आवृत्त्यांमुळे.

सुरुवात एमएसडीईपासून झाली. एसक्यूएल सर्व्हर २००० चं हे फुकट रूप. डेटाबेसला २ जीबीची मर्यादा, आणि एका वेळी आठांहून जास्त कामं आली की ते मुद्दाम मंद व्हायचं. पण खरी अडचण वेगळीच होती. आत डोकावायला खिडकीच नव्हती. क्वेरी अ‍ॅनालायझर नाही, एंटरप्राइझ मॅनेजर नाही. काळ्या पडद्यावर ओएसक्यूएलच्या आज्ञा टाइप करायच्या. दुसऱ्याच सॉफ्टवेअरसोबत एमएसडीई आपल्या मशीनवर येऊन बसलंय, हे कित्येकांना ठाऊकही नसे. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर वर्म जगभर पसरला, तेव्हा अशीही मशीनं त्याच्या तावडीत सापडली.

खरं वळण २००५ चं. जानेवारीत पोस्टग्रेस ८.० आलं आणि पहिल्यांदाच ते थेट विंडोजवर चालू लागलं, तेही आकाराची कुठलीच अट न घालता. वर्षअखेरीस एसक्यूएल सर्व्हर २००५ एक्सप्रेस आलं, मर्यादा ४ जीबी. २००६ मध्ये ओरॅकलची एक्सई आली, तिचीही मर्यादा ४ जीबीच. त्याच वर्षी आयबीएमने डीबी२ ची एक्सप्रेस-सी आवृत्ती काढली. मोठ्या कंपन्यांचे हात असे एकदम सैल सुटले, त्यामागे मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसचा धाक होता असं माझं ठाम मत आहे.

लहान ग्रंथालयांना याचा फार मोठा आधार झाला. एनआयसीच्या ई-ग्रंथालयची तिसरी आवृत्ती एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर चालायची. इन्फ्लिबनेटचं सोल २.० जानेवारी २००९ मध्ये आलं, ते मायएसक्यूएलवरही चालत असे. ग्रंथपालाला डेटाबेसच्या लायसन्ससाठी संस्थेपुढे हात पसरायची गरज उरली नाही. ४ जीबी पुरतील का, ही धास्ती मात्र सगळ्यांना असायची. हिशोब करून बघा: एका पुस्तकाची नोंद २ केबीची धरली, तर वीस हजार पुस्तकांचे होतात जेमतेम ४० एमबी. मर्यादा गाठली जायची ती डेटाबेसमध्येच कोंबलेल्या फोटोंनी आणि स्कॅन केलेल्या कागदांनी.

मराठीचा प्रश्न मात्र आकाराचा नव्हता. एनव्हारकॅर रकान्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह दोन बाइट घेतं, ते परवडतं. पण आज्ञेत मराठी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे इंग्रजी अक्षर लावायचं राहिलं, की ‘भंडारा’ या नावाच्या जागी सहा प्रश्नचिन्हं साठवली जातात. भ, अनुस्वार, ड, काना, र, काना: प्रत्येकाचं एक. पडद्यावर नव्हे, थेट तक्त्यातच. तो मजकूर मग कुठल्याच उपायाने परत मिळत नाही.

सर्वांत महाग पडली ती न मिळालेली एक सोय: एसक्यूएल सर्व्हर एजंट. ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारा हा भाग एक्सप्रेसमध्ये नाहीच. मग एसक्यूएलसीएमडीची आज्ञा बॅच फाइलमध्ये लिहायची आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरला जोडायची. वेळ हमखास रात्री अकराची ठेवलेली, आणि ऑफिसातलं मशीन संध्याकाळी सहालाच बंद! म्हणजे बॅकअप निघालाच नाही. निघाला तरी त्याच हार्डडिस्कवर. आकाराच्या मर्यादेपेक्षा या एका उणिवेने छोट्या संस्थांना जास्त छळलं, असं मी आजही म्हणेन.

पुढे बंधनं सैल होत गेली. एक्सप्रेसची मर्यादा २०१० मध्ये १० जीबी झाली. मॅनेजमेंट स्टुडिओ पूर्ण रूपात फुकट मिळू लागला. नोव्हेंबर २०१६ च्या सर्व्हिस पॅकने तर डेटा कॉम्प्रेशन, पार्टिशनिंग अशा एरवी एंटरप्राइझपुरत्या राखलेल्या गोष्टीही एक्सप्रेसला दिल्या. ओरॅकलची एक्सई २०११ मध्ये ११ आणि २०१८ मध्ये १२ जीबीवर गेली. २०२५ च्या एक्सप्रेसमध्ये मर्यादा ५० जीबी आहे. एजंट अजूनही नाही.

ई-ग्रंथालयची चौथी आवृत्ती पोस्टग्रेसवर आणि क्लाउडवर गेली, त्यामुळे तिथल्या ग्रंथपालाच्या डोक्यावरचं बॅकअपचं ओझं उतरलं. स्वतःच्या मशीनवर काम करणाऱ्या पतसंस्था आणि राइस मिल यांना ते अजून स्वतःच वाहावं लागतं. पोस्टग्रेस घेतलं तरी वेळापत्रक वेगळं लावावंच लागतं. म्हणून बॅकअपची वेळ दुपारी दोनची ठेवावी, मशीन चालू असताना. फाइल दुसऱ्या मशीनवर जावी, आणि महिन्यातून एकदा तिथे ती रिस्टोअर करून खातेदारांची यादी उघडून बघावी.