समुपदेशक पडद्यावर भेटतो तेव्हा

‘आवाज येतोय का?’ ऑनलाइन समुपदेशनाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. कित्येक वर्षं मनात साठलेलं बोलायचं म्हणून माणूस धीर करून बसतो आणि पहिली पाच मिनिटं हेडफोन, माइक आणि वाय-फायमध्ये जातात. पूर्वी मला त्याचा वैताग यायचा. आता वाटतं, बरंच आहे. तेवढ्यात दोघंही जरा सैलावतात.

२०२० च्या टाळेबंदीत नाइलाज म्हणून मी पडद्यावर बोलायला सुरुवात केली. आज माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक भेटी अशाच होतात. त्यात तालुक्याच्या गावातल्या शिक्षिका असतात, रात्रपाळी करणारी मुलं असतात, सासूबाई देवळात गेल्या की तेवढ्या तासाभरात बोलणाऱ्या गृहिणी असतात आणि परदेशात राहून ‘रडायचं तर मराठीतच’ म्हणणारेही असतात. बंगळूरुच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं होतं. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडचं चित्र फार वेगळं असेल असं अनुभव सांगत नाही. अशा वेळी मोबाइलवर समुपदेशक मिळणं ही मोठी सोय आहे. मात्र सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

सर्वांत आधी, समोरची व्यक्ती नक्की कोण आहे? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे एमबीबीएसनंतर त्या विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधं तेच लिहून देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे ‘आरसीआय’कडे असते. समुपदेशकांचं मात्र तसं नाही. मानसशास्त्रात एमए करून, पुढे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम केलेला समुपदेशक असतो आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेऊन बसलेलाही असतो. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यानं हे क्षेत्र कक्षेत आणलं आहे, पण प्रत्यक्ष नोंदणीची घडी अजून सर्वदूर बसलेली नाही. तोवर विचारपूस आपणच करायची. शिक्षण काय, कुठून, किती वर्षं काम, कोणत्या पद्धतीनं काम करता, अडलं तर तुम्ही कुणाचा सल्ला घेता? या प्रश्नांचा राग येणाऱ्या समुपदेशकाकडे जाऊ नका. आणि ‘तीन भेटींत नैराश्य कायमचं बरं’ अशी जाहिरात दिसली तर अंगठा तसाच वर सरकवा.

फी शहर, शिक्षण आणि अनुभव यांप्रमाणे काहीशे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत असते. भेट साधारण ४५ ते ६० मिनिटांची. आयत्या वेळी रद्द केली तर पैसे परत मिळतात का, हे आधीच विचारून घ्या. आणखी एक बारीक गोष्ट. एका बाईंनी घरात कुणाला न सांगता समुपदेशन सुरू केलं. फी संयुक्त खात्यातून भरली आणि बँकेचा संदेश नवऱ्याच्या मोबाइलवर गेला. त्या संध्याकाळी घरात जे झालं, त्यावर आमच्या पुढच्या दोन भेटी गेल्या. घरी सांगायचं की नाही, हा तुमचा निर्णय आहे. पण तो बँकेच्या संदेशानं घेऊ नये.

मग एक फॉर्म येतो. त्यात नाव, वय, चालू असलेली औषधं, पूर्वीचे आजार विचारलेले असतात. अनेक जण तो घाईत भरतात. थायरॉइडची तक्रार, रक्तक्षय किंवा बी-१२ ची कमतरता असली तरी थकवा, उदासी, चिडचिड असं सगळं होऊ शकतं. त्यामुळे समुपदेशकानं ‘आधी रक्त तपासून घ्या’ म्हटलं, तर तो टाळतोय असं समजू नका. फॉर्ममध्ये आणखी दोन रकाने असतात, भेटीच्या वेळी तुम्ही जिथं असाल तिथला पत्ता आणि तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा त्याचा नंबर. हे दोन रकाने लोकांना सर्वांत खटकतात. ‘मी तर गुप्तपणे बोलायला आलोय, घरच्यांचा नंबर कशाला?’

का, ते सांगते. तिशीतला एक तरुण माझ्याकडे येत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दोन मित्रांबरोबर भाड्याच्या घरात राहायचा. घरात एकांत नाही, म्हणून सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलायचा. चौथ्या भेटीत तो सहज बोलावं तसं म्हणाला, ‘मी नसतो तर सगळ्यांचं सोपं झालं असतं.’ मी थेट विचारलं, ‘जीव संपवण्याचे विचार मनात येतात का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलू लागतो. त्यानं तोंड उघडलं आणि पडदा गोठला.

फोन लावला, बंद. तातडीचा नंबर लावला, तोही बंद. तो त्याच्याच दुसऱ्या सिमचा होता आणि दोन्ही सिम एकाच मोबाइलमध्ये. पत्ता पाहिला, तर ऑफिसचा. समोरासमोरच्या भेटीत मी उठून दाराशी गेले असते. इथं माझ्या हातात काहीच नव्हतं. सतरा मिनिटांनी त्याचा फोन आला. बॅटरी संपली होती, वर जाऊन चार्जरला लावायला वेळ लागला, बस्स. मला मात्र ती सतरा मिनिटं अजून आठवतात.

गोपनीयतेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो आणि त्याला काही अपवादही सांगतो. जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती सांगता येते. चांगला समुपदेशक हे पहिल्याच भेटीत सांगतो. त्यानं नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. भेटीचं रेकॉर्डिंग होतं का, टिपणं कुठं ठेवली जातात, ती लिहायला एखादं एआय साधन वापरलं जातं का, हेही विचारा. आणि तुम्हीही परवानगीशिवाय रेकॉर्ड करू नका.

आता घरातली जागा. वन बीएचकेमध्ये पाच माणसं राहतात तिथं ‘शांत, खासगी खोली निवडा’ हा सल्ला म्हणजे थट्टाच आहे. लोक आपापले मार्ग काढतात. कुणी गच्चीवर जातं, कुणी उभ्या केलेल्या गाडीत बसतं, कुणी दाराबाहेर पंखा लावून आवाज बुडवतं. इअरफोन लावला तर निदान समुपदेशकाचं बोलणं तरी बाहेर जात नाही. माझ्याकडच्या एका ताईंशी आमचं ठरलेलं आहे. कुणी खोलीत आलं की त्या म्हणतात, ‘मग त्यात गूळ किती घालायचा?’ आणि मी पुरणपोळीवर येते. आवाज फारच अडखळू लागला तर व्हिडिओ बंद करून बोला आणि फोन तुटला तर कुणी कुणाला लावायचा, हे सुरुवातीलाच ठरवून ठेवा. पडद्यावरचा स्वतःचा चेहरा झाकून ठेवा. रडताना स्वतःकडेच बघत बसणं फार विचित्र असतं.

पहिल्या भेटीत प्रश्नच जास्त असतात. झोप, भूक, काम, घरची माणसं, हे केव्हापासून होतंय. कदाचित ‘पीएचक्यू-९’ नावाची प्रश्नावली दिली जाईल. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. ती परीक्षा नाही आणि तेवढ्यावर निदानही होत नाही. महिन्याभरानं पुन्हा भरली की फरक कळतो, तिचा उपयोग हा. काय होतंय हे नेमक्या शब्दांत सांगता आलं नाही तरी चालतं. ‘कसंतरी होतं’, ‘डोकं जड वाटतं’, ‘छातीत धडधडतं’ एवढ्यावरून काम सुरू होतं.

सल्ला मात्र लगेच मिळत नाही आणि इथंच पुष्कळ लोक नाराज होतात. ‘एवढे पैसे दिले आणि त्यांनी मलाच विचारलं, तुम्हाला काय वाटतं!’ सल्ला द्यायला आपल्याकडे काका, मावशी, शेजारी भरपूर आहेत. समुपदेशकाचं काम निराळं असतं. विचार, भावना आणि वागणं यांची साखळी कुठं अडकते ते तो तुमच्याबरोबर शोधतो. मराठी वाचकांना विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती परिचित आहे. अल्बर्ट एलिसची ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिच्यात किंवा आरन बेकच्या विचार-वर्तन उपचारात तुम्हाला घरी करायला कामही मिळतं. प्रसंग, त्या वेळचा विचार, भावना अशी नोंद वहीत करायची. वही न लिहिणाऱ्यांची सुधारणा रेंगाळते, हा माझा अनुभव.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर काहींना आधीपेक्षा वाईट वाटतं. झाकलेलं उघडलं की थोडे दिवस दुखतं. नेमके याच वेळी अनेक जण सोडून देतात. तसं न करता, हे समुपदेशकालाच सांगा. विचार-वर्तन उपचारात साधारण ६ ते २० भेटी लागतात, पण चार-पाच भेटींत सूर जुळलाच नाही तर समुपदेशक बदलण्यात अपमान कुणाचाच नाही. तुमच्या जातीवर, लग्नावर, लैंगिकतेवर कुणी शेरे मारू लागला, तर मात्र पाचव्या भेटीची वाट बघू नका.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एक सूचना. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत थेरपिस्टचा परवाना तुम्ही जिथं बसला आहात त्या जागेशी बांधलेला असतो. भारतातल्या समुपदेशकाशी बोलण्याआधी तिथले नियम पाहून घ्या. तुमच्या शहरातल्या तातडीच्या सेवेचा नंबरही त्याला देऊन ठेवा. मी इथून १०८ लावून तिकडे रुग्णवाहिका येणार नाही.

सगळं पडद्यावर होत नाही. भास होत असतील, व्यसन शरीरापर्यंत पोचलं असेल, मारणारा माणूस शेजारच्याच खोलीत असेल, जीव संपवण्याचे विचार सतत येत असतील, तर प्रत्यक्ष मदत हवी. तोवर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली, चोवीस तास, मोफत आणि मराठीतूनही बोलणारी. तिचा क्रमांक १४४१६. तो या घडीला मोबाइलमध्ये साठवून ठेवा, स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी.

त्या तरुणानं त्या रात्री उत्तर दिलं. हो, विचार येतात, पण काही ठरवलेलं नाही. आईवडिलांना कळेल याची भीती त्याला त्या विचारांपेक्षा मोठी वाटत होती. पुढच्या भेटीची पहिली वीस मिनिटं आम्ही तो फॉर्म पुन्हा भरला. नंबर कुणाचा द्यायचा, यावर बराच वेळ गेला. शेवटी त्यानं मित्राच्या मोबाइलवरून, मी पडद्यावर असतानाच, बहिणीला फोन लावला. ती आधी ओरडली, मग रडली, मग म्हणाली, ‘जेवलास का?’ त्याच आठवड्यात ती त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. आमच्या भेटी अजून चालू आहेत. अजून तो गाडीत बसूनच बोलतो, फक्त गाडी आता तळघरात नसते, गेटपाशी असते. तिथं रेंज येते.