फुकटची एमआयटी: समज आणि वस्तुस्थिती

बायोडेटात ‘एमआयटी ओपनकोर्सवेअर’ अशी ओळ घालून मुलाखतीला जाणारी मुलं असतात. त्यात लबाडी असतेच असं नाही, बरेचदा समजण्यातच घोळ झालेला असतो. ओपनकोर्सवेअरवर नाव नोंदवावं लागत नाही, हजेरी नाही, गृहपाठ कुणी तपासत नाही, आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळत नाही. आपल्या वर्गांत वापरलं जाणारं साहित्य जगाला खुलं करू, असं अमेरिकेतल्या या विद्यापीठाने एप्रिल २००१ मध्ये जाहीर केलं. पुढच्या वर्षी पन्नास विषयांनी सुरुवात झाली. आज तिथे अडीच हजारांहून जास्त कोर्स आहेत. खुलं झालं ते साहित्य. शिक्षकाचा वेळ आणि पदवी अजून फी भरणाऱ्यांचीच.

‘सगळे व्हिडिओ पाहिले की विषय झाला’ हा त्याहून महागात पडणारा समज. मुळात बहुतेक कोर्सना पूर्ण व्हिडिओ नाहीतच. नोट्स, वाचनाची यादी, गृहपाठ, जुने पेपर एवढंच असतं. व्हिडिओ दिसला नाही की लोक पान बंद करतात. आणि व्हिडिओ असले तरी काय होतं बघा. गिल्बर्ट स्ट्रँग यांचा १८.०६ हा रेषीय बीजगणिताचा कोर्स जगभर गाजलेला. पहिल्याच तासाला ते फळ्यावर दोन समीकरणं मांडतात: २क्ष − य = ० आणि −क्ष + २य = ३. शाळेत आपण दोन रेषा काढून छेदनबिंदू शोधतो, क्ष = १, य = २. तेवढं झाल्यावर स्ट्रँग तीच समीकरणं उभी वाचायला लावतात. क्षचे सहगुणक २ आणि −१ हा एक सदिश, यचे −१ आणि २ हा दुसरा. पहिला एकदा, दुसरा दोनदा घेऊन बेरीज केली की ० आणि ३ हातात येतात. उत्तर तेच, पण पुढचा सगळा विषय या उभ्या वाचनावर चालतो. बघताना हे इतकं सोपं वाटतं की माणूस ‘कळलं’ म्हणून पुढच्या तासाला जातो. मग तीन अज्ञातांचं उदाहरण स्वतः सोडवायला घेतलं की पेन थांबतं. या कोर्सचे जुने पेपर उत्तरांसह तिथेच ठेवले आहेत. माझं मत विचाराल तर सगळ्या व्याख्यानांपेक्षा ते पेपर मोलाचे, आणि उत्तरं आधी उघडली तर मात्र कवडीमोलाचे.

साहित्य जुनं आहे, ही तक्रार अर्धी खरी. स्ट्रँग यांच्या मूळ व्याख्यानांचं चित्रण गेल्या शतकाच्या अखेरचं आहे, पण सदिशांची बेरीज तेव्हापासून बदललेली नाही. प्रोग्रामिंगचं तसं नाही. २००८ चा प्राथमिक कोर्स पायथॉन २ वर आहे आणि त्या आवृत्तीचा आधार २०२० च्या सुरुवातीला संपला. तिथे २०१६ किंवा त्यानंतरचा कोर्स घ्यावा. कोर्सच्या पानावर वर्ष दिलेलं असतं, ते आधी बघावं.

ज्यांना कागद हवाच, त्यांच्यासाठी आपल्याकडे एनपीटीईएल आहे, आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून चालवलेलं. इथे गैरसमज उलट दिशेचा: व्हिडिओ फुकट म्हणजे प्रमाणपत्रही फुकट. प्रत्यक्षात शिकणं फुकट, पण प्रमाणपत्रासाठी फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. बहुतेक कोर्सांत गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. नुसते आठवड्याचे प्रश्न सोडवून भागत नाही.

शेवटचा घोळ ‘फुकट’ या शब्दाच्या आड लपलेला असतो. एमआयटीच्या नोट्स छापून क्लासमध्ये विकता येत नाहीत, परवाना अव्यावसायिक वापराचाच आहे. नेमलेलं पाठ्यपुस्तक बहुधा विकतच घ्यावं लागतं, अपवाद असतात. स्ट्रँग यांचं कॅल्क्युलसचं अख्खं पुस्तक तिथे मोफत आहे. पण एखाद्या शिक्षिकेला त्या नोट्स मराठीत आणून गावातल्या मुलांना वाटायच्या असतील, तर कुणाकडे परवानगीचं पत्र पाठवायला नको. मूळ श्रेय द्यायचं, बदल केल्याचं सांगायचं, मराठी नोट्सना तोच परवाना लावायचा आणि धंदा करायचा नाही. फक्त दुसऱ्या प्रकाशकाकडून घेतलेल्या आकृत्या आणि उतारे या परवान्यात येत नाहीत; तशी नोंद त्यांच्या शेजारी असते, ती वाचून ते वगळायचे.