टेबलाखालची उंची

फळीच्या कडेला गोलाई काढणे, तिच्या अंगात सरळ खोबण पाडणे, कपाटाच्या दारात बसणाऱ्या पॅनलला चहूबाजूंनी उतरता काठ देणे, ही कामे एके काळी सुतार निरनिराळ्या पात्यांचे रंधे आणि पटाशी यांच्या साहाय्याने करीत असे, आणि त्यांत लागणारे कौशल्य संपादन करण्यात उमेदवारीची कित्येक वर्षे खर्ची पडत. खोबणीचा तळ सर्वत्र सारख्या खोलीचा राहावा म्हणून खास घडविलेला एक हातरंधा अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीने १८८४ च्या पेटंटाच्या आधारे बाजारात आणला होता. त्याच्या कामाचा वारसा विसाव्या शतकात विजेवर चालणाऱ्या राउटरकडे आला. आजचा राउटर म्हणजे एक उभी मोटार, तिच्या आसाच्या टोकाला कोलेट नावाची पकड, आणि त्या पकडीत घट्ट आवळलेला, मिनिटाला १०,००० पासून २२,००० पर्यंत फेरे घेणारा बिट.

हे हत्यार दोन्ही मुठींत धरून फळीवरून फिरवावयाचे, ही त्याची मूळ पद्धत; परंतु फळी अरुंद असली, तुकडा लहान असला किंवा एकाच मापाच्या वीसपंचवीस पट्ट्या काढावयाच्या असल्या, म्हणजे ही पद्धत गैरसोयीची आणि काही प्रसंगी धोक्याची ठरते. अशा वेळी राउटर उलटा करून टेबलाच्या खालच्या अंगाला टांगतात, बिटाचे टोक टेबलाच्या भोकातून वर डोकावते, आणि मग हत्यार स्थिर राहून लाकूडच त्याच्यापुढे सरकवावे लागते. कारागिराचे दोन्ही हात लाकूड धरण्यास मोकळे होतात, आधारपट्टीला टेकवून फळी उजवीकडून डावीकडे, म्हणजे बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने, नेली की कापही सरळ येतो. लाभ निर्विवाद आहे. पण हत्यार टेबलाखाली गेल्याबरोबर त्याची उंची बदलणे हे काम, जे हातात असताना सोपे होते, ते टेबलाखालच्या काळोखात गेले. गुडघे टेकून खाली वाकावे, चाचपडत मोटारीला धरणारी पकड सैल करावी, मोटार आपल्याच भाराने एकदम खाली घसरू नये म्हणून ती एका हाताने तोलून धरावी, अंदाजाने थोडी वर सरकवावी, पुन्हा पकड आवळावी, आणि उठून गुण्या लावून पाहावे तो आवळताना ती केसभर हललेली असावी, असा हा प्रकार चाले.

राउटर लिफ्ट ही या अडचणीवरची तजवीज होय. टेबलात बसणाऱ्या अॅल्युमिनियमच्या जाड प्लेटखाली पोलादी खांब उभे असतात, त्यांवरून वरखाली सरकणाऱ्या एका चौकटीत राउटरची मोटार पक्की धरलेली असते, आणि या चौकटीच्या नटातून एक उभा आट्यांचा दांडा जातो. प्लेटच्या वरच्या बाजूने भोकातून हँडल घालून तो दांडा फिरविला की चौकट आणि तिच्यासह मोटार, बिट असे सर्वच सरळ रेषेत उचलले जाते. कॅनडातील जेसेम आणि अमेरिकेतील वुडपेकर्स या कंपन्यांच्या लिफ्टा या जातीच्या असून, ट्रायटनच्या काही राउटरांत तर ही योजना हत्याराच्या अंगातच बसविलेली असते. कॅनडातील मॅथियास वँडेल यांनी प्लायवुडचे दाते कापून त्यांच्या चाकांवर चालणारी, शिवाय राउटर तिरका करता येईल अशी लिफ्ट घरच्या कार्यशाळेत बनवून दाखविली; मुळातले तत्त्व किती साधे आहे हे त्यावरून ध्यानात येते.

हँडलची लिफ्ट इतकी समाधानकारक असताना तिला मोटार कशासाठी जोडावी, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर, म्हणजे हात दुखत नाहीत हे, मला अपुरे वाटते. हँडलचे दहापंधरा फेरे ही काही मोठी मेहनत नव्हे. मोटारीची खरी किंमत कळते ती सोडून दिलेल्या उंचीकडे परत येण्याची वेळ येते तेव्हा. स्वयंपाकघराच्या कपाटांची आठ दारे करावयाची आहेत असे समजा. चौकटीच्या पट्ट्यांना एका उंचीवर खोबण, पट्ट्यांच्या टोकांना दुसऱ्या उंचीवर जीभ, पॅनलच्या काठाला तीन दमांत, दर वेळी थोडा अधिक, असा उतार. आणि सर्व दारे जुळवून पाहताना एक पट्टी चिरलेली निघाली, तर ती एकच पट्टी पुन्हा करण्यासाठी सगळ्या उंच्या पुन्हा लावाव्या लागतात. हातलिफ्टीवर अशा वेळी टाकाऊ तुकड्यांवर एकामागून एक काप घेऊन ते आधीच्या खोबणीत बसवून पाहतात. एक ढिला होतो, पुढचा घट्ट होतो, आणि पट्टी कापण्यास जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ जुळणीत जातो. पहिल्या वेळची उंची ज्या यंत्राच्या दप्तरी नोंदलेली आहे ते यंत्र एका कळीच्या हुकमाने त्याच ठिकाणी येऊन थांबते. अमेरिकेतील एमएलसीएस कंपनीने ‘पॉवरलिफ्ट’ या नावाने मोटारीची लिफ्ट विकावयास काढली, आणि २००५ साली इटलीतील इव्हरेआ येथे जन्मलेल्या आर्डुइनो या स्वस्त नियंत्रक पाटीमुळे हौशी कारागीरही अशी लिफ्ट स्वतः जुळवू लागले.

या लिफ्टीत बहुधा स्टेपर जातीची मोटार वापरतात. ही मोटार सलग फिरत नाही. विजेच्या प्रत्येक स्पंदनाला ती ठराविक कोनातून एक पाऊल टाकते, आणि सामान्यतः हा कोन १.८ अंशांचा असल्यामुळे एका पूर्ण फेऱ्याला २०० पावले होतात. दांड्याच्या एका फेऱ्यात चौकट २ मिलिमीटर चढत असेल, तर एका पावलाला ती मिलिमीटरचा शंभरावा भाग चढते. सुताराच्या बोलीतला एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर, त्यात अशी तीनशेहून अधिक पावले मावतात. नियंत्रकाने केवळ पावले मोजावयाची आणि त्यांचे मिलिमीटर करून पडद्यावर दाखवावयाचे.

मात्र ही मोजणी कोठून सुरू करावयाची हे यंत्राला ठाऊक नसते. बिट बदलला की त्याची लांबी बदलते, कोलेटात तो किती खोल शिरला तेही बदलते, म्हणून दर वेळी शून्य नव्याने ठरवावे लागते. त्यासाठी ज्ञात जाडीचा एक धातूचा ठोकळा टेबलावर असा ठेवतात की त्याचे एक अंग बिटाच्या टोकावर आडवे यावे. ठोकळ्याला एक तार आणि बिटाला दुसरी तार जोडलेली असते, मोटार अगदी मंद गतीने बिट वर आणते, आणि टोक ठोकळ्याला टेकताच विजेचे मंडल पूर्ण होऊन ती थांबते. नंतर नोंदीतून योग्य ते अंतर वजा होते आणि टेबलाची पातळी हे शून्य कायम होते. हे काम घाईने केले, ठोकळ्याखाली भुशाचा एक कण राहिला, तर पुढच्या सर्व नोंदी त्या कणाइतक्या चुकतात आणि पडदा मात्र तेच निःशंक आकडे दाखवीत राहतो. ठोकळा ठेवण्यापूर्वी टेबल पुसण्याची सवय सर्व विद्युत्‌साहित्याइतकीच मोलाची आहे.

शंभराव्या भागाच्या या सूक्ष्मतेबद्दल थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. लाकूड ही स्थिर वस्तू नव्हे; कोकणातल्या पावसाळ्यात ओल पिऊन २० मिलिमीटर जाडीची सागाची फळी मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी सहज फुगते, म्हणजे यंत्राच्या दहा पावलांचा हिशेब हवेनेच चुकविला. तेव्हा पडद्यावरच्या दुसऱ्या दशांश स्थळासाठी कोणी अधिक पैसे मोजू नयेत. एकाच दिवशी, एकाच लाकडावर, तीच उंची पुन्हा बिनचूक मिळणे एवढेच मागावे. आणि तेवढे मिळण्याच्याही दोन अटी आहेत.

पहिली अट दांडा आणि नट यांच्यामधल्या ढिलाईची. आटे कितीही चांगले कापले तरी दोहोंत थोडी फट राहतेच, आणि दिशा बदलली की त्या फटीइतका फेरा फुकट जातो. उभ्या लिफ्टीत राउटरचा भार सतत खाली ओढत असल्याने आट्यांची एकच बाजू टेकलेली राहते, हा निसर्गाने दिलेला फायदा आहे. परंतु सरकणारी चौकट भुशाने किंवा घट्ट जुळणीमुळे अडखळली, तर खाली येताना ती मागे लटकते आणि नंतर काप घेतानाच्या कंपनाने निसटून बसते. म्हणून जाणते कारागीर इच्छित उंचीवर नेहमी खालून येतात. उंची कमी करावयाची असली तरी बिट जरा अधिक खाली नेऊन मग वर आणतात. चांगल्या नियंत्रकात ही शिस्त आज्ञावलीतच घातलेली असते.

दुसरी अट पावलांच्या खरेपणाची. स्टेपर मोटारीला हुकूम गेला आणि भुशाच्या गाठीने दांडा अडला, तर पाऊल पडत नाही, पण नियंत्रकाच्या खात्यात ते पडल्याचीच नोंद होते. यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे सरकत्या चौकटीलाच डिजिटल स्केल जोडणे. मोटार आणि दांडा यांमधला पट्टा घसरो, पाऊल चुको, चौकट प्रत्यक्षात जेथे आहे तेथलाच आकडा ते दाखविते.

सुरक्षिततेचा विचार मी सर्वांत गंभीर मानतो. पॅनलचा काठ काढणारे मोठे बिट सुमारे ८९ मिलिमीटर व्यासाचे असतात. मिनिटाला २२,००० फेऱ्यांनी असा बिट फिरला, तर त्याच्या धारेचा वेग ताशी ३६० किलोमीटरांहून अधिक होतो. म्हणूनच त्याला १०,००० च्या आसपासच फिरवावयाचे असते, आणि त्या मंद गतीतही धार ताशी १६० किलोमीटरांपेक्षा वेगाने धावते. असा बिट टेबलावर फिरत असताना पायाच्या चुकीच्या धक्क्याने किंवा विजेच्या गडबडीने लिफ्ट हलू लागली, तर हातातले लाकूड उडेल किंवा बोटे जातील. राउटर सुरू असताना लिफ्टीच्या मोटारीला वीजच मिळू नये, अशी कुलपाची व्यवस्था यासाठी असली पाहिजे. त्याहून कमी बोलला जाणारा धोका स्पर्शाचा आहे. बिटाभोवतीच्या भोकात लहान कडे बसविलेले असताना रुंद बिट खाली नेला, तर तो कड्यावर जाऊन टेकतो. हँडल फिरविणाऱ्या हाताला तो अडथळा तत्क्षणी जाणवतो आणि हात थांबतो, मोटार मात्र दाबतच राहते. वरच्या आणि खालच्या मर्यादेवर थांबविणाऱ्या कळा आणि प्रवासाची मंद गती, या दोन गोष्टींत काटकसर करू नये. दांडाही एकेरी आट्याचाच घ्यावा. दर फेऱ्याला अधिक चढणारे अनेकपदरी आटे वेगवान असले तरी वीज गेल्यावर राउटरच्या भाराने ते आपोआप उलटे फिरण्याचा संभव असतो, एकेरी बारीक आटा घर्षणाच्या जोरावर जागचा हलत नाही.

आपल्याकडे गिऱ्हाइकाच्या घरी हत्यारांची पेटी घेऊन जाणाऱ्या सुताराला अशा लिफ्टीचा उपयोग नाही; त्याचे टेबल म्हणजे दोन घोड्यांवर ठेवलेले प्लायवुड असते, आणि मोठ्या कारखान्यांत संगणकावर चालणारी राउटर यंत्रे ही सर्व कामे एकदमच करतात. या दोहोंच्या मधला, स्वतःच्या जागेत खऱ्या लाकडाची दारे आणि चौकटी थोड्या संख्येने पण वारंवार करणारा जो कारागीर आहे, त्याच्यासाठी ही वस्तू आहे. त्याने प्रथम चांगली हातलिफ्ट घ्यावी, तिच्या चौकटीला डिजिटल स्केल लावून तिच्यावर काही महिने काम करावे, आणि दप्तरात लिहून ठेवलेल्या उंच्यांकडे आपल्याला खरोखरच किती वेळा परतावे लागते हे पाहून मग दांड्याला मोटार जोडावी.