‘पिक अप हिम’ की ‘पिक हिम अप’?

मी रायपूरहून बोलतेय. आज एका चुकीपासून सुरुवात करू, आणि ती चूक माझीच आहे.

मी कॉलेजात असताना वडील गेले. तेव्हा फी भरण्यापासून परीक्षेला नेऊन बसवण्यापर्यंत सगळं आमच्या सरांनी पाहिलं. पुढे भिलाईला सर वारले. त्यांच्या पत्नी तमिळ, म्हणून सांत्वनाचं पत्र मी इंग्रजीत लिहिलं. मला म्हणायचं होतं, ‘त्या दिवसांतून सरांनी मला तारून नेलं.’ मी लिहिलं, ‘ही सॉ थ्रू मी.’ बऱ्याच वर्षांनी कळलं, याचा अर्थ होतो ‘त्यांनी माझं ढोंग ओळखलं होतं’! हवं होतं, ‘ही सॉ मी थ्रू.’ शब्द तेच चार, फक्त ‘मी’ची जागा चुकली. (इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, गोंधळ नको.) दुरुस्ती कळवायला तोवर बाईही राहिल्या नव्हत्या.

तर हा ‘मी’, ‘हिम’, ‘इट’ बसवायचा कुठे?

इंग्रजी क्रियापदामागे येणारे छोटे शब्द दोन तऱ्हेने वागतात. काही क्रियापदाचेच असतात: पिक अप, पुट ऑफ, टर्न डाउन. इथे नाम असेल तर दोन्ही चालतं, ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’. ‘पिक अप इट’ चूक. इंग्रजी वाक्यात नवी, वजनदार गोष्ट शेवटाकडे जाते. ‘इट’ तर आधीच माहीत असलेलं, हलकं, म्हणून ते मध्ये सरकतं आणि जोर ‘अप’वर पडतो.

दुसऱ्या तऱ्हेचे छोटे शब्द पुढच्या नामाचे असतात, आपल्या शब्दयोगी अव्ययासारखे. आपण ‘तिच्यासाठी’ म्हणतो, इंग्रज ‘फॉर हर’ म्हणतो. म्हणून ‘वेट फॉर हर’, ‘लुक आफ्टर हर’. ‘लुक हर आफ्टर’ कोणी म्हणत नाही. ‘पुट अप विथ इट’मध्ये शेवटचा ‘विथ’ याच जातीचा, म्हणून ‘इट’ त्याच्या मागे.

आपण अडखळतो कुठे? तर आपल्याच बोलण्यात. ‘मान्याच्या विमानतळावरून त्याला पिकअप करते’ असं तात्यापाऱ्यातल्या मराठी घरात म्हणतात, बाहेर हिंदीतही तसंच. पुण्यात, इंदुरात तुम्हीही म्हणत असाल. ‘करणे’ जोडताना आपण ‘पिक’ आणि ‘अप’ यांना डाक मारून एक शब्द केला. मराठीत ते ठीकच आहे, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण इंग्रजी बोलताना तो डाक सुटत नाही आणि तोंडून निघतं, ‘आय विल पिकअप हिम.’

कोणता शब्द कोणत्या जातीचा, हे पाठ करत बसू नका. ऑक्सफर्डचा विद्यार्थ्यांसाठीचा मोठा कोश उघडा. तिथे ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्या मध्ये ‘समबडी’ छापलेलं दिसेल, आणि सुटणाऱ्या जोडीत दोन टोकांचा बाणही असतो. ‘लुक आफ्टर’मध्ये ‘समबडी’ शेवटी आहे. कोश ते फुकट सांगतो, आपण अर्थ पाहून पान मिटतो.

काही छोटे शब्द मात्र दोन्ही गोटांत असतात, आणि धोका तिथेच आहे. ‘थ्रू’ तसा. ‘ओव्हर’ही तसाच: ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे त्यातून सावरणं, ‘गेट इट ओव्हर विथ’ म्हणजे नकोसं काम एकदाचं उरकून टाकणं. कुणाच्या दुःखाबद्दल लिहिताना ही जोडी आली, तर पाठवण्याआधी ओळ पुन्हा वाचा.